दोन चमचे अडुळसा

३ नोव्हेंबर, सोमवार
बसस्थानकावर घोषणांचं मशीन येणार, असं आज साहेबांनी सांगितलं. आवाज एकदाच रेकॉर्ड करायचा, पुढे वर्षानुवर्षं मशीन बोलणार. रेकॉर्डिंग २० तारखेला. उमेदवार दोन : मी आणि दुपारच्या शिफ्टच्या बाई. ज्याचा आवाज निवडला जाईल तो स्थानकात कायमचा राहील. दुसऱ्याने चौकशीच्या खिडकीत बसायचं. बाईंनी खिडकीतल्या खुर्चीसाठी उशी शिवायला घ्यावी. एकवीस वर्षं या स्थानकावर माझा आवाज घुमतोय. बाईंचा आवाज म्हणजे शेजारणीने साखर मागावी तसा.
खोकला मात्र चिवट आहे. दीड महिना झाला. ‘फलाट’ म्हणताना नेमका ठसका लागतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार
डॉक्टरने सिगारेट सोडा म्हणून सांगितलं. हे तर पाकिटावर फुकट लिहिलेलं असतं.
मग बायकोने तिच्या मामांकडे नेलं. मामेसासरे वैद्य आहेत. नाडी धरून डोळे मिटतात. माझ्या मते डुलकी काढतात. निदान : ओरडून आणि धूर ओढून घसा सोलवटलाय. औषध : अडुळसा. पानं तव्यावर गरम करायची, रस पिळायचा, दोन चमचे, मधातून, सकाळ-संध्याकाळ. वर पथ्य : पंधरा दिवस मौन, सिगारेट बंद, गार पाणी बंद. निम्मं काम पान करतं, निम्मं पथ्य, असं म्हणाले.
निवेदकाला मौन! उद्या कोंबड्यालाही सांगतील. रजा घेऊन बाईंना रान मोकळं करून देऊ?
ठरलं. अडुळसा घेणार. पथ्य कच्च्या माणसांसाठी असतं.

५ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
अडुळसा आमच्याच कुंपणाला निघाला. अकरा वर्षं त्याला नुसतं झुडूप समजत होतो. मागच्या गल्लीतल्या शेळ्या सगळी बाग फस्त करतात, पण याला तोंड लावत नाहीत. का ते आज कळलं. यापुढे मला कारलं गोड लागेल.
मामांकडून आणलेलं जुनं पुस्तक चाळलं. खोकला, कफ, दमा, नाकातून येणारं रक्त, सगळ्यावर हेच पान. एवढी ताकद, आणि मामा ती चमच्यात बसवतात. माणूस जन्मभर चमच्यानेच जगला. मी उद्यापासून अर्धा पेला घेणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
अर्धा पेला. उलटी. शरीरातला जुना कचरा बाहेर पडतोय. बायको म्हणते, सकाळचा चहा बाहेर पडला. वैद्यांची भाची असून तिला यातलं काही कळत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
बाईंचाही घसा बसलाय. डिझेलचा धूर कुणाला सोडतो? मी काय घेतो, म्हणून विचारायला आल्या. मोठ्या मनाने पिशवीभर पानं दिली.
देता देता डोक्यात प्रकाश पडला. दोन चमच्यांचं प्रमाण सांगितलंच, पण पथ्यही सांगितलं, शब्दन्‌शब्द. मौन तर तीनदा सांगितलं. दहा दिवस गप्प बसल्या म्हणजे सराव शून्य. वर त्यांची शिफ्टही मीच मागून घेतली. साहेब म्हणाले, तुमच्यासारखा सहकारी मिळायला नशीब लागतं. बाईंनी पाटीवर ‘आभारी आहे’ असं लिहून दाखवलं. भोळेपणालाही काही मर्यादा असावी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
रोज दोन शिफ्ट. शिवाय घरी सराव. बाथरूममधून ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हटलं, तर वरच्या मजल्यावरून कुणीतरी ‘गप्प बसा’ म्हणालं. लोकांना आवाजाची पारख नाही.
पथ्य चालू आहे का, असं मामांनी विचारलंय म्हणे. हो म्हणून कळव, असं बायकोला सांगितलं. सिगारेट दिवसाला फक्त सहा. त्यातल्या दोन अर्ध्याच.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आवाजाला खर्ज आलाय. एका आजींनी केबिनशी येऊन विचारलं, आधीचे निवेदक वारले का? भारदस्त आवाज ऐकायची सवय नाही, दुसरं काय.
कफ सुटायला लागलाय. म्हणजे पान काम करतंय. उद्यापासून दिवसातून तीनदा.
बाई अजून पाटीवरच लिहितात. कीव येते.

२० नोव्हेंबर, सकाळी ७
आज निकाल लावायचा. पाऊण पेला, एका दमात. बाईंसाठी वाईट वाटतं, थोडंसं.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी ५
चाळीस वाक्यं म्हणायची होती. पहिल्याच वाक्याला कफ सुटला आणि चाळिसाव्यापर्यंत सुटतच राहिला. दाढीवाल्या तंत्रज्ञाने दोनदा पाणी दिलं, तिसऱ्यांदा बादली. मी म्हटलं, खोकला कापून टाका, मशीनमध्ये सोय असते. तो म्हणाला, कापल्यावर काही उरत नाही. उद्धट माणूस.
मग बाई आत गेल्या. दहा दिवसांनी तोंड उघडलं. आवाज नितळ. एकही वाक्य परत घ्यावं लागलं नाही. बाहेर येऊन त्यांनी माझे आभार मानले, या वेळी तोंडाने. तुम्ही पथ्य नीट सांगितलंत म्हणून आवाज परत मिळाला, असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. डोळ्यांत पाणीही होतं.
मी काही बोललो नाही. मौनाचा पहिला दिवस म्हणायला हरकत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
बाईंना निवडलं. वशिला असणार.
पण साहेबांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं की एक वाक्य माझंच ठेवलंय : ‘गाडी रद्द करण्यात आली आहे.’ चाळिसांत तेवढंच बिनखोकल्याचं निघालं. शिवाय तंत्रज्ञाचं मत असं की, बाईंच्या गोड आवाजात ते लोकांना खरं वाटणार नाही, वाईट बातमीला हाच आवाज बरा. म्हणजे त्या दाढीला थोडी तरी अक्कल आहे. एकोणचाळीस वाक्यं कुणीही बोलेल. शेवटचा शब्द माझा.

७ डिसेंबर, रविवार
एक तारखेपासून चौकशीच्या खिडकीत बसतोय. काच जाड आहे, आत काही ऐकू येत नाही. आज सुट्टी, म्हणून बायकोला आणि मामांना मुद्दाम माझा आवाज ऐकायला नेलं. दहा वाजता फलाट चारच्या बाकावर बसलो. बायको ठेवणीतली साडी नेसून आली होती.
बाईंच्या घोषणा सुरू झाल्या. मामा म्हणाले, घसा उत्तम. मी म्हटलं, थांबा, माझं वाक्य येऊ द्या. एकवीस वर्षांत रोज दोन-तीन गाड्या रद्द झाल्याच आहेत. कधी टायर, कधी इंजिन, कधी चालक आजारी. बारा वाजले. दोन वाजले. एका गाडीतून जरा धूर निघाला. मी उठून उभा राहिलो. तीही सुटली, वेळेवर. शेजारचे गृहस्थ म्हणाले, हल्ली कारभार फार सुधारलाय.
तीन वाजता मामा औषधं द्यायची आहेत म्हणून निघाले. माझ्या घशाबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही.
चार वाजता बायकोने पिशवी उचलली. म्हणाली, "चला, घरी म्हणून दाखवा मला."
वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. सहा तासांत बासष्ट गाड्या सुटल्या. एकही रद्द झाली नाही.