ओठांवरून ऐकलेले तास

१० ऑगस्ट २०२०, सोमवार

उशीर झाला लिहायला, माफ कर. कोरोनाचा बंद सुरू झाल्यापासून ही वही उघडलीच नव्हती. रोज तेच — कोण गेलं, कुठली गल्ली पत्रे लावून बंद केली. ते काय लिहायचं!

आज लिहितो, कारण गुरू जेवला नाही. कॉलेजचे तास आता घरातून घ्यायचे आहेत, मोबाइलवर. माझा पोरगा गुरुराज भूगोल शिकवतो. फळ्यावर खडूनं भीमा काढायला लागला की दंगा करणारी पोरंही गप्प व्हायची म्हणे. आज मोबाइलपुढं बसून नुसतं “आवाज येतोय का? आवाज येतोय का?” करत राहिला. पडद्यावर पोरांची नुसती नावं, तोंडं नाहीत. उठून मागच्या दारी गेला, बराच वेळ आला नाही.

अडतिशीला आला. अजून तासिकेवरच घेतात, कायम करत नाहीत. म्हणून लग्न राहिलं. त्याची आई तोच घोर घेऊन गेली. घरात आम्ही दोघंच.

१२ ऑगस्ट

प्रियंका मॅडम आल्या. त्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. घरून कसं शिकवायचं, ते सगळ्या सरांना समजावत फिरतात. तोंडाला मास्क. काहीतरी म्हणाल्या आणि गुरू हसला! किती दिवसांनी! नंतर मी विचारलं तर म्हणाला, “म्हणत्यात, सर, पोरांना नुसतं तुमचं कपाळ दिसतंय. पठार शिकवताय व्हय?”

मलाही काम दिलं. दुसऱ्या मोबाइलवर मी पोरांसारखं तासाला बसायचं, कानात वायर घालून, दारात, गुरूला दिसेल असं. आवाज जातोय तोवर मान हलवायची. बंद पडला की हात वर! हे मला गुरूनं मागाहून सांगितलं. मॅडम बोलत होत्या तेव्हा मी नुसता “व्हय, व्हय” करत होतो. मास्कमागं ओठ दिसत नव्हते.

इथं लिहितो, दुसरीकडं कुठं लिहिणार. मला ऐकू येत नाही. उभा जन्म यंत्रमागावर गेला, कान तिथंच राहिले. त्या खडखडाटात आम्ही सगळेच ओठांवरून बोलायचो. गुरूचे ओठ मला लहानपणापासून पाठ. त्याला वाटतं, अप्पांना जरा कमी येतं, एवढंच. आज सांगणारच होतो. तर तो म्हणाला, “अप्पा, तुमी दारात बसला की धीर येतो बगा.” मग कसं सांगू?

१७ ऑगस्ट

चांगलं चाललंय! पोरांच्या यादीत माझं नाव “अप्पा” असं येतं. एक पोरगं म्हणालं म्हणे, “सर, अप्पांची हजेरी सगळ्यात जास्त. पहिला नंबर त्यांनाच द्या की!” हे सांगताना गुरूनं शेंगाचटणीशी अजून एक भाकरी घेतली.

मीही शिकतोय. आपलं सोलापूर डोंगराच्या सावलीत आहे — उन्हाच्या नव्हे, पावसाच्या. ढग येतात, पण पलीकडंच रिकामे होतात. सातवी नापास माणसाला कुणी सांगितलं होतं हे!

२० ऑगस्ट

वायरीतून काहीच येत नाही. आवाज पुरा वाढवला. कानात मुंगी फिरल्यासारखं होतं, तेवढंच. गुरूचे ओठ हलतात, मी मान हलवतो. हे बरोबर आहे का? सांगून टाकावं. उद्या सांगतो.

२७ ऑगस्ट

काय लिहू.

आज गुरूचा तास बघायला तिकडून मोबाइलवर प्राचार्य बसले होते, संस्थेचे एक साहेबही. कायम करायचं की नाही, ते आजच्यावर होतं. गुरूनं पांढरा शर्ट घातला. काय शिकवत होता! मधेमधे माझ्याकडं बघायचा. मी मान हलवायचो. मोबाइलवर पोरांचे निरोपावर निरोप येत होते, सगळे इंग्रजी अक्षरांत. मला वाटलं, वाहवा करतायत.

आवाज जातच नव्हता. सुरुवातीलाच कुठंतरी बंद झाला होता. गुरूनं मोबाइलच्या पडद्यावर नकाशा लावलेला, त्याला निरोप दिसले नाहीत. सगळ्यांना माझ्यासारखंच झालं — नुसते ओठ.

प्राचार्यांचा फोन ठेवून गुरूनं विचारलं, “अप्पा, तुमच्याकडं आवाज येत होता न्हवं?”

“येत होता की.”

का म्हणालो! जीभ झडली असती तर बरं.

२९ ऑगस्ट

प्रियंका मॅडम उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मास्क हनुवटीवर ओढून म्हणाल्या, “सर, सगळ्यांचंच होतं असं. माझंही झालंय. आपण परत एक तास मागू की.”

गुरू म्हणाला, “अप्पांना तर नीट येत होता. म्हणजे खोट माझ्यातच हाय. मी किती बी बोललो तरी आता कुणाला पोचत न्हाय, मॅडम.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

१ सप्टेंबर

गुरूचे तास दुसऱ्याला दिले.

२ सप्टेंबर

गुरू दुधनीला गेला. तिथं त्याच्या मामाची, बसलिंगप्पाची, आडत आहे. “थोडे दिवस माल मोजतो, अप्पा. तितं बोलायला लागत न्हाय.” गाडीत बसताना मास्क लावून अजून काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही.

मी मान हलवली.

४ सप्टेंबर

ठरलं. आला की दारातच सांगायचं — गुरू, तुझ्या आवाजात खोट नव्हती, माझे कान मेलेत. सकाळपासून घोकतोय. रागवेल. रागवू दे. एकदा डोक्यावरचं ओझं उतरेल, त्याच्या आणि माझ्या.

६ सप्टेंबर, रविवार

दुधनीहून फोन आला. शेजारच्या फुलाबाईला उचलायला लावला. मास्क काढून ती म्हणाली, “तुमचा मेव्हणा इचारतोय, गुरू कवा येनार हाय? खोली झाडून ठेवलीया म्हनं.”

गुरूचा फोन तिनं लावला, परत लावला. बंद आहे.

गुरू, कुठं आहेस बाळा? फोन करशील तर मला ऐकू येणार नाही. दोन अक्षरं लिहून धाड. लवकर धाड.