भैरोबाचे चार प्रश्न

२ जानेवारी १९७६
नव्या वर्षाचे संकल्प. तपकीर बंद. रोज पहाटे उठून नागरिकशास्त्र-अर्थशास्त्राचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचे. अभ्यासक्रम बदलला तेव्हापासून शिकवतो आहे, पण शिकवण्याच्या गडबडीत वाचायला सवड झाली नाही.

८ जानेवारी
लालासाहेब हवालदार सुनेला घेऊन आले. बनुबाई. नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. एस.एस.सी.ला बाहेरून बसतात. बाकीचे विषय सुटले, माझा तेवढा राहिला. पास झाल्या तर बालवाडीची जागा आहे. लालासाहेब म्हणाले, "मास्तर, यंदाचं साल दिलंय तिला. जूनला सर्टिफिकेट न्हाई आलं, तर उसात खुरपं हाय."
मी गॅरंटी दिली. माझी पुस्तकाची प्रतही दिली. त्यामुळे पहाटेचा संकल्प आपोआप सुटला. तपकिरीचा कायम.

१५ जानेवारी
तपकीर सुरू. थंडी फार.
हुकूमशाहीचा धडा घेताना उदाहरणे देऊ नका, दिवस बरे नाहीत, असे हेडमास्तर म्हणाले. उदाहरण न देता शिकवली. एकानेही शंका विचारली नाही. चांगली समजली असावी.

३ फेब्रुवारी
परीक्षा तोंडावर आणि निम्मे पुस्तक बाकी. मन बेचैन. संध्याकाळी जप करताना सुचले. आमच्या माण तालुक्यात पेरणीआधीसुद्धा देवाला कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लहानपणी गुरव आत कौल लावायचा आणि आम्ही उंबऱ्याबाहेर हात जोडून ऐकायचो, 'उजवा दिला.' मग पेपरात काय येणार, हे इथल्या भैरोबाला का विचारू नये?
वर्गात मी चिकित्सक बुद्धीवर बोलतो. तेव्हा हे कोणाला दिसता कामा नये.

४ फेब्रुवारी
आप्पासो गुरव पूजेला यायच्या आत देवळात. लोकशाही, उजवा. भांडवलशाही, उजवा. पंचायत राज आणि लोकसंख्या, उजवा. हुकूमशाही, समाजवाद, मिश्र अर्थव्यवस्था, डावा. सहकारही डावा पडला तेव्हा चमकलो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात सहकाराला डावा! पण देवापुढे काय बोलणार.
चार प्रश्न मिळाले. बऱ्याच दिवसांनी झोप लागेल.

११ फेब्रुवारी
वर्गाला आणि बनुबाईंना चारच प्रश्न दिले. बाकीचे सोडा म्हटले. बनुबाईंनी पुस्तक हातात तोलले. "गुरुजी, येवढं जाड पुस्तक, आन् चारच प्रश्न? बाकीचं कशाला छापलंय मग?"
अनुभवावर विश्वास ठेवा म्हणालो. त्यांनी मान डोलावली. भाकरी थापताना म्हणून दाखवतात म्हणे. लोकशाहीचे सर्व गुण पाठ. दोष अजून अडखळतात.

१८ मार्च
सांगलीला पेपर. मी सेंटरबाहेर. मनात नामस्मरण. घंटा झाली, पेपर हातात आला.
हुकूमशाही. समाजवाद. मिश्र अर्थव्यवस्था. सहकारावर मोठा प्रश्न. लोकशाही एका ओळीत, रिकाम्या जागा भरा.
बनुबाई बाहेर आल्या त्या पदराने शाई पुसत. "लोकशाहीचं समदं लिवलं गुरुजी. विचारलं नव्हतं, तरी लिवलं."

२० मार्च
बोर्डाची प्रश्न काढण्याची पद्धत सदोष आहे. पुण्याला सविस्तर लिहायचे.

९ एप्रिल
पत्र लिहिले नाही. ऊन फार.

१२ जून
रिझल्ट. बनुबाई नापास. वर्गातलेही बरेच. मराठी कच्चे असले की असे होते, असे स्टाफरूममध्ये म्हणालो. मराठीचे मास्तर समोरच होते.

१४ जून
देवळात गेलो. सिद्धू धनगर मेंढरे कोणत्या रानात बसवावी म्हणून कौल लावत होता. पाकळी पडली. मी म्हणालो, डावा. आप्पासो गुरव हसला. "मास्तर, उजवं देवाचं धरायचं, आपलं न्हाई. त्यो आपल्याकडं तोंड करून बसलाय न्हवं?"
पायरीवर बसलो.
म्हणजे भैरोबाने एकूण एक प्रश्न बरोबर सांगितला होता. माझी पद्धत निर्दोष होती, फक्त बाजू राहिली. समाधान वाटायला हवे. जेवण गेले नाही.
संकल्प: उद्या बनुबाईंना सर्व सांगायचे. बालवाडीची जागा गेली ती माझ्यामुळे, हेही.

१५ जून
गेलो. लालासाहेब ओट्यावर होते. मास्तरांना चहा टाका म्हणाले. बनुबाई रानातून आल्या. कमरेला खुरपे. मी घसा साफ केला. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "गुरुजी, माझंच चुकलं. तुमी लय जीव तोडून सांगितलं. माझ्याच डोस्क्यात ऱ्हायलं न्हाई."
मी म्हणालो, होते असे.
चहा प्यालो.
ऑक्टोबरला पुन्हा बसा म्हटले. त्यांनी सासऱ्यांकडे बघितले. सासऱ्यांनी उसाकडे. मग त्यांनी आतून पुस्तक आणून दिले. वर वर्तमानपत्राचे कव्हर, कोपऱ्याला हळदकुंकू.

१६ जून
पुस्तक उघडले. चार धड्यांची पाने पिठाच्या बोटांनी मळली आहेत, कडा विरल्या आहेत. बाकीची कोरी. मिश्र अर्थव्यवस्थेची दोन पाने कापायचीच राहिली आहेत, छापखान्यातून आली तशी जोडलेली.
पुस्तक बनुबाईंकडे पाच महिने होते. त्याआधी माझ्याकडे.
उद्या पहाटे ब्लेड घेऊन बसतो. आज तपकिरीने डोळ्यांत पाणी येते आहे.