वाडी महिने मोजते

बुधवार, ५ नोव्हें.

रविवारच्या पानावर एक चूक आहे. तिथे लिहिलंय, सासूबाई म्हणाल्या, "असला काय करू नको." त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "असला काय कोनाला सांगू नको." मी घाबरले होते, म्हणून माझ्या मनातलं त्यांच्या तोंडी घातलं. बाबांनी चौथीपर्यंत घरीच शिकवलं. खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं, ही सवय त्यांचीच. म्हणून हे.

सकाळी पाळी आली. म्हणजे ऑक्टोबरचं फुकट. आता एकच कुपी शिल्लक.

सा.बां.ना सांगितलं. चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "बरा. पानी गरम हाय, आंघोल कर."

गुरुवार, ६

ह्यांचा मुंबईहून फोन. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकलेली, दुरुस्तीला जिना चढत होते, धापा टाकत बोलले. पाळीचं सांगितलं. जिन्यावरची पावलं थांबली. मग म्हणाले, "असू दे. अजून एक नमुना आहे ना. आई तर मला लहानपणापासून नमुनाच म्हणते."

हसले मी. फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही.

लग्नाला चार वर्षं. माझा दिवस आणि ह्यांची रजा जुळत नाही, जुळली तर ह्यांचा आकडा कमी. म्हणून गणपतीत आले तेव्हा रत्नागिरीच्या दवाखान्यात वीर्य देऊन, गोठवून ठेवलं. दोन कुप्या.

शनिवार, ८

दिवसभर भात झोडलं. दंड भरून आलेत, अंगाला भाताचं कुसळ टोचतंय. शेजारच्या शेवंताकाकी मदतीला होत्या. वरच्या घरातल्या सुनेला दिवस गेल्याची बातमी त्यांनीच आणली, लगेच बोटं मोजली. "जूनात मोकली व्हईल. गनपतीचा. बराबर हाय."

वाडीत असंच मोजतात. पुरुष मुंबईहून येतात गणपतीत आणि शिमग्यात, पोरं जन्मतात जूनच्या आगेमागे, नाहीतर डिसेंबरात. मागे खालच्या घरातल्या एकीचं बोटांवर बसेना, तर काकींनी खळ्यावर सगळ्यांसमोर तीनदा मोजलं. हसत. ती अजून पाण्याला भर उन्हात जाते, विहिरीवर कोणी नसताना.

माझं राहिलं तर ऑगस्ट. ह्यांना दिवाळीला रजा नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक. ऑगस्ट कशातच बसत नाही.

काकींनी मध्येच विचारलं, "नि तुजा दात कसा हाय? किती येला रत्नागिरीस जातंस?"
"दुखतोय अजून."
"लवंग धर गो बाय."

धरली. नसलेल्या दुखण्यावर. जीभ पोळली.

मंगळवार, ११

सा.बां.नी बेत काढला. ह्यांनी एका रात्रीपुरतं यायचं. "एस्टीतना उतराचा, नाक्यावर चा प्याचा. चार मान्सांनी बगला का झाला."

फोन लावून दिला. हे म्हणाले, "आई, सगळी रजा गणपतीतच संपली. आणि नाक्यावर काय पाटी घेऊन बसू, मी येऊन गेलो म्हणून?" त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडे न देताच फोन बंद केला.

मलाही ते यायला हवे होते. कोणाला दाखवायला नाही. कोणाला सांगणार.

शुक्रवार, १४

रत्नागिरी. सोनोग्राफी. अंडं चांगलं वाढतंय. रविवारी रात्री अंडं फुटायचं इंजेक्शन, मंगळवारी सकाळी अकरा वाजता बोलावलंय.

विचारलं, शिमग्यापर्यंत थांबलं तर? डॉक्टर म्हणाल्या, "आमची सोय तात्पुरती आहे. डिसेंबरनंतर कुपी कोल्हापूरला हलवावी लागेल. हलवता येते, पण तुमची एकच आहे. तुमच्या जागी मी हलवणार नाही." ह्यांचा मुंबईचा नवा रिपोर्ट दाखवला. आकडा आणखी उतरलाय. "नवीन मिळेल हे धरून चालू नका. आहे ते हेच."

निघताना सिस्टरना म्हटलं, कुपीवरचं नाव पुन्हा वाचून दाखवाल का. "मॅडम, सारखं तेच विचारताय." हो म्हटलं. त्यांनी वाचलं. माझ्याच नवऱ्याचं. तरी बसमध्ये परत वाटलं, आडनाव नीट ऐकलं ना मी?

रविवार, १६

दुपारी पेंढा रचताना सा.बा. म्हणाल्या, "मंगलवारी मी पन येतंय." थोड्या वेळाने, "पन लोकांना काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरा सांगाया शबूद तरी हवा ना गो. गोठवलेला कसा सांगू? मासली हाय?"

दोघी पेंढ्यावर बसून हसलो. खूप दिवसांनी. मग पदराने डोळे पुसत त्याच म्हणाल्या, "त्यानं दिला कदी? गनपतीत ना? मंग गनपतीचाच. वाटंत थांबलाय, इतकाच."

हे काकींना असंच सांगता येईल. पण कधी? पोट दिसल्यावर सांगितलं तर सबब वाटेल. आधी सांगितलं आणि राहिलंच नाही, तर माझी कीव, आणि शिमग्यात ह्यांच्या पाठीमागे हसणं.

म्हणून ह्यांना फोन करून विचारलं, सांगू का. त्यांच्या कमीपणाची गोष्ट, माझी एकटीची नाही. म्हणाले, "वाडीत तू राहतेस. तू ठरव." हे हो आहे की नाही, कळलं नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाले, "सांग. मी येईन शिमग्याला, बघू." आवाज बरा नव्हता. होकार म्हणून लिहिते आहे, पण पुरता नव्हे.

इंजेक्शन घेतलं. आता मंगळवार पुढे ढकलता येत नाही.

अंग थकलंय ते भातानं. बाकीचं लपवण्यानं.

ठरवलं. मंगळवारी, १८ तारखेला, सकाळी गाडीला निघताना सा.बां.ना बरोबर घेऊन काकींच्या अंगणात थांबायचं. आधी त्यांना सांगायचं, मग रत्नागिरी.