आमच्या घरात फरक नाही

२ जून
नातसून घरात आली. जन्माची बहिरी. नातवाला बजावलं, तो शब्द इथे काढायचा नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण मन मोठं. माणसामाणसांत फरक करत नाही. सगळ्यांशी बोलते तशीच तिच्याशी बोलणार.

६ जून
भांडी घासता घासता तिच्याशी पुष्कळ बोलले. नातू म्हणतो, आजी, तुझी पाठ होती तिच्याकडे. मग काय, नळाकडे पाठ करून भांडी घासू? पोरगी गुणी आहे. उलट उत्तर नाही.

११ जून
हिने शेजारणीला मोबाइलवर लिहून दाखवलं, मी बहिरी आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सावरून घेतलं, छे हो, जरा कमी ऐकू येतं इतकंच. हिने माझे ओठ वाचले. रात्री नीट जेवली नाही. भूक नसेल.

१५ जून
नातू म्हणतो, हातांच्या खुणा शिक, ती शिकवेल. म्हटलं, अशाने ती वेगळी पडेल. शिवाय माझे गुडघे दुखतात.

१९ जून
बेल वाजली की स्वयंपाकघरात लाल दिवा उघडमीट करतो. नातवाने तिच्यासाठी बसवलेला. घर आहे की सिग्नल? पंख्यासाठी वायरमन आला होता, त्याच्याकडून दिवाही काढून घेतला. दारात कोण आलं ते मी सांगत जाईन. आता ती अगदी आपल्यासारखी.

२० जून
कचरा टाकायला खाली गेले. वर येते तो दार लागलेलं. किल्ली आत, नातसून आत, मी बाहेर. बेल दाबली. दार बडवलं. अख्खा जिना जमला, कोणीतरी बसायला स्टूल दिलं. नातू ऑफिसातून आला तेव्हा दार उघडलं. ही निवांत इस्त्री करत होती.
डोकं फिरलं. सगळ्यांदेखत ओरडले, बहिरी आहेस का?
हे तिने बरोबर वाचलं. म्हणाली, हो, बहिरीच आहे.
जाड, तुटका आवाज. पहिल्यांदाच ऐकला. तोंडाने बोलू नकोस, लोक हसतील, असं मीच सांगून ठेवलं होतं. कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मला स्टुलावरून उठवेना.

२३ जून
नातू वेगळा फ्लॅट बघतोय. म्हटलं, मी कधी फरक केला का रे? तो म्हणाला, तेच तर, आजी. ती आहे तशी तू तिला बघितलंच नाहीस. दिवा परत लावते म्हटलं. म्हणाला, राहू दे.
जातील कुठे? पोरं नुसती बोलतात.

१ जुलै
दोघं गेली.
निघताना माफी मागायला गेले. रडू फुटलं, ओठ वेडेवाकडे झाले, तिला काही वाचता येईना. नातवाला म्हटलं, तू सांग. म्हणाला, हे तुझं तूच सांग.
हात वर केले. पुढे काय करायचं ते येत नव्हतं. हात तसेच हवेत राहिले.
तिला वाटलं, मी टाटा करतेय. तिनेही हात हलवला.