अनूचे डिलीट केलेले व्हिडिओ

मंगळवार, संध्याकाळ

छावणीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिलेला फोन नंबर आज एकदाचा लागला. मुलांची वाढ, वागणूक बघणारे डॉक्टर पुण्याहून महिन्यातून एकदाच इथं येतात. आमच्या अनूचा नंबर दोन महिन्यांनी. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "तोवर घरातला एक व्हिडिओ पाठवा. हाक मारल्यावर ती काय करते, त्याचा. शिकवून काढू नका, जशी आहे तशी दिसू द्या."

फोन अनूच्या व्हिडिओंनी भरलाय. त्यातला एकही चालायचा नाही. हाकेला वळली नाही ते सगळे मीच डिलीट केले. सोयगावला सासूबाईंना पाठवायचे असायचे. दहादा हाक मारायची, एकदा वळली की तेवढाच तुकडा ठेवायचा. त्या शेजारणींना दाखवतात, "लई हुशार हाय माझी नात."

म्हणजे मला माहीत होतं? माहीत होतं म्हणूनच तर डिलीट करत होते. रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. कणीक मळून ठेवली.

मग ह्यांना म्हटलं, फोन धरा. हे म्हणाले, "लाईट लावू का? चांगला येईल." नको म्हटलं. अनू फरशीवर चमचा गरगर फिरवत बसली होती. चार वर्षांची झाली आता. मी सात वेळा हाक मारली. तिनं मान वर केली नाही.

ह्यांनी सवयीनं विचारलं, "करू डिलीट?"

"नको," म्हटलं. "हाच पाठवा."