स्पिटफायरची शेपूट

प्रिय सुंदर,

अक्काचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, इथे सगळे ठीक आहेत. फोन केला असता, पण तू दोन मिनिटं बोलतोस आणि तो हरिप्रियाच्या हातात देतोस. लेक तुझी गुणाची आहे, पण मला बोलायचंय ते तुझ्याशी. म्हणून अण्णांनी लहानपणी पाटीवर गिरवून घेतलेली ही अक्षरं पुन्हा काढली. हरिप्रियाला आपलं मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही, आणि माझ्या लेकाला, कार्तिकेयला, तर तेवढंही नको असतं. म्हणजे हे पत्र टेबलावर उघडं पडलं तरी तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढत बसू नकोस, मास्तर.

काल तुझा तो जुना विद्यार्थी सुब्रमण्यम आला होता. म्हणाला, सुंदर सारनी कोइंबतूरहून फोन केलाय, शुक्रवारी येऊन चारही विमानं आणि रिमोटची पेटी घेऊन जा, कॉलेजच्या मुलांच्या उपयोगी पडतील, मला आता जमत नाही. जमत नाही म्हणे! माझं डोकंच फिरलं. त्या बिचाऱ्याला घोटभर कापीसुद्धा न विचारता मी परत लावला. अरे, तुझी विशालाक्षी गेल्यावर दीड वर्ष तू दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसून रस्त्याकडे बघत होतास. भात वाढला तर जेवायचास, नाही वाढला तर विचारायचाही नाहीस. तिच्या माघारी या घरात तुझं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, ते तुझं पहिलं फोमचं विमान शेजारच्या नारळात अडकलं तेव्हा. ते सगळं उचलून तू देऊन टाकणार आणि पुन्हा बसणार, तिण्णैवर नाहीतर लेकीच्या सोफ्यावर. मला हे बघवणार नाही, सांगून ठेवते.

सुरुवातीला मी तुला कमी हसले नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस, पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेला, आणि थर्माकोलसारख्या दिसणाऱ्या तुकड्यांना गोंद लावत बसलाय. मग एकदा तू म्हणालास, अक्का, तू चाळीस वर्षं तंजावर चित्रं करतेस, माझ्या हरिकेन विमानाला जरा रंग दे. मला काय, मी ऐटीत दुकानातून स्प्रेचा डबा आणला आणि फवारला. अय्यो, डोळ्यांदेखत पंख असा आक्रसला, तेलात टाकलेला पापड, आपला अप्पळमच जणू. दुसरा कुणी असता तर माझा उद्धार केला असता. तू चष्मा वर करून पंख निरखलास आणि शांतपणे म्हणालास, की त्या रंगातलं थिनर फोम खातं, आता आपण पाण्याचे रंग वापरू. आपण म्हणालास. त्या एका शब्दावर मी तुझी शिष्य झाले. खाचाखोचांत हलकी लांबी भरून ओल्या पॉलिश पेपरनं घासायचं, पातळ वार्निशचा हात मारायचा, पुन्हा घासायचं, मग रंग. पत्र्यांच्या सांध्यांत काळसर पाणी सोडायचं, कॉकपिटजवळ पाय घासून रंग उडालाय असं वाटायला स्पंजनं चंदेरी ठिपके द्यायचे, धुराड्यामागे खडूची काजळी चोळायची. मी जन्मभर देवांना नवेकोरे, झगमगीत करत आले. वापरून जुनं झालेलं, लढून आलेलं काही सुंदर दिसू शकतं हे तू मला शिकवलंस. त्यासाठी माझा तुला नमस्कार, धाकटा असलास तरी.

आणि तुझं उडवणं! ओरत्तनाडुच्या पुढे, सांबा भाताची कापणी झालेल्या त्या शेतात, मागच्या मार्चमध्ये हरिकेनचा नाकावरचा पंखा हवेतच तुटला होता, आठवतंय? सुब्रमण्यम ओरडायला लागला, मी डोळे मिटून घेतले. उघडले तर विमान आवाज न करता कालव्यावरून वळत येत होतं, खाली बगळे चरत होते ते उडालेसुद्धा नाहीत, आणि तू त्याला कापलेल्या धसांवर असं टेकवलंस, की कॉकपिटमधला माझा रंगवलेला पायलट जागचा हलला नाही. मी तुझ्या चेहऱ्याकडे नव्हे, अंगठ्यांकडे बघत होते. केसभर इकडे, केसभर तिकडे. चांगल्या कारागिराचा हात मला ओळखता येतो रे. मी खूप हात बघितलेत, तुझ्यासारखे दोन-तीनच. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तू चढून बसला असतास.

मग स्पिटफायर. तीन महिने आपण दोघं त्याच्यावर खपत होतो. त्या दिवशी शेतावर पंधरा-वीस माणसं जमली होती. सुब्रमण्यमनं हातातून सोडलं, आणि दहा सेकंदांत नाक वर, वेग गेला, डावा पंख खाली पडला आणि बांधावर चुराडा. तू तुकडे गोळा केलेस आणि म्हणालास, माझा अंगठा उशिरा हलला. त्याच आठवड्यात बॅग भरून लेकीकडे गेलास. तुकडे फेकून द्यायला सांगितले होतेस, पण शेपूट मी ठेवली. रोज बघते आणि रोज जेवण गोड लागत नाही.

आता सांगते. दोन महिने झाले, हे माझ्या घशात अडकलंय. तू शुक्रवारी दोन बोटांवर विमान तोलून, तोल बरोबर आहे म्हणून पंखाखाली पेन्सिलीची खूण केलीस आणि शनिवारी पापनाशमला लग्नाला गेलास. मी एकटीच त्याच्यापुढे बसले होते. सगळं झालं होतं, पण मला ते सपाट दिसायला लागलं. चित्रात आम्ही दागिने उठावदार करायला खडूची पूड आणि डिंकाचं मक्कु लावतो, ते मी भिजवलं. शेपटीच्या पात्यावर निशाण उठवलं, रिव्हेट उठवले, आडव्या पात्यांना दोन्ही बाजूंनी उठवले, वाळल्यावर आणखी एक हात दिला आणि वरून रंगवून टाकलं. तू शिकवलं होतंस, की मागचा एक ग्रॅमसुद्धा विमानाला कळतो. मला ते ठाऊक होतं. पण लोक जवळून बघतील तेव्हा कनकलताचा हात दिसायला हवा होता ना! रविवारी शेतावर तू विमान उचललंस आणि थबकलास. म्हणालास, अक्का, शेपूट जड लागतेय, पुन्हा तोलून बघू का. मी पकडली जाईन म्हणून सगळ्यांसमोर हसले आणि म्हणाले, शेपूट नाही, तुझे हात म्हातारे झालेत, लोक उन्हात उभे आहेत, सोड आता. सगळे हसले. तूही हसलास, आणि माझं ऐकलंस. पडल्यावर तरी तोंड उघडायचं, तेही मला झालं नाही. आज सकाळी ते मक्कु खरवडून काढलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. चौतीस ग्रॅम. सव्वा किलोच्या विमानात मागे चौतीस ग्रॅम, त्यानंच नाक वर गेलं, आणि ते तू नुसतं उचलताच ओळखलंस. सुंदर, तुझ्या हातांना काही झालेलं नाही. खोटं माझ्या तोंडात होतं. सुब्रमण्यमला मी शुक्रवारी दारात उभं करणार नाही. तू ये, मला हवं तेवढं बोल, महिनाभर बोलू नकोस वाटल्यास, पण ये आणि उडव.

तुझीच, तुझ्याहून मोठी आणि तुझ्यापुढे मान खाली घातलेली,
कनकलता अक्का