खोलीत गोड वाजलेलं पेडल

डोंबिवली,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय ऋतुराजदादा,

सप्रेम नमस्कार. इथे सगळे ठीक. आईने मावशीसाठी मेथीचे लाडू दिलेत. त्यांच्या खाली फडक्यात गुंडाळलेलं, गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जोडायचं हिरवं पेडल आहे. ते आधी बाहेर काढ, तूप लागू देऊ नकोस.

तुझा मेसेज वाचला. 'संचे, सगळ्यात जास्त गेनवालं ओव्हरड्राइव्ह सांग. त्यानेही नाही झालं तर गिटार विकतो, माझ्या हातातच दम नाही.' फोनवर तू मस्करी करून विषय बदलतोस आणि मी बदलू देते, म्हणून लिहिते आहे.

गेन, म्हणजे आत सिग्नल फुगवणारं बटण, वाढवू नकोस. ओव्हरड्राइव्ह सिग्नलची टोकं दाबतं, त्यातून तो खरखरीत, भरलेला सूर येतो. गेन जितका जास्त, तितका हळू आणि जोरात मारलेल्या फटक्यातला फरक कमी. तुझं वाजवणं त्या फरकावरच उभं आहे.

बाजारात नावं पन्नास असली तरी ढोबळ जाती तीन. एक गिटारचा आवाज जवळजवळ तसाच ठेवते, फक्त किंचित मळवते. खोलीत एकट्याने वाजवताना ही सगळ्यात गोड. दुसरी खर्ज कापून मधला पट्टा पुढे आणते. एकटी ऐकली तर नाकात बोलल्यासारखी वाटते, पण ढोल आणि कीबोर्डच्या गर्दीत नेमकी ऐकू येते. तिसरी तापलेल्या ॲम्पची नक्कल करते, टोकं सरळ छाटते. ती हळदीच्या कार्यक्रमाला नको.

एप्रिलमध्ये मी तुला बनवून दिलेलं पेडल पहिल्या जातीचं होतं. आमच्या हॉलमध्ये, दार लावून, छोट्या ॲम्पवर जुळवलेलं. भरदार वाटावं म्हणून मी खर्ज वाढवलाही. ढोलाबरोबर एकदाही ऐकलं नाही.

शहाडच्या हळदीत तुझी गिटार कुणाला ऐकूच आली नाही. तुमच्या बँजो पार्टीचे मालक गुणाजीकाका माइकवरच म्हणाले, "अरे गिटार, जेवला नाय काय?" लोक हसले. पुढच्या कार्यक्रमाला तुझ्या जागी विकी होता.

तू मला विचारलंस, "पेडलमध्ये काही असेल का गं?" मी म्हणाले, "पेडल मी तपासलंय. तू पिक घट्ट धर."

तपासलं नव्हतं. दोन दिवसांनी तपासलं. त्याच सर्किटचं दुसरं पेडल माझ्याकडे होतं, ते हळदीच्या व्हिडिओबरोबर वाजवून पाहिलं. तुझा सूर ढोल आणि कीबोर्डच्या डाव्या हाताखाली गाडला जात होता. व्हिडिओत तुझा हात स्पष्ट दिसतो. एकही फटका तालाबाहेर नाही.

हे मला मे महिन्यापासून माहीत आहे.

हिरवं पेडल दुसऱ्या जातीचं आहे. गेन घड्याळातल्या दहावर ठेव, टोन बारावर, लेव्हल दोनवर. यावेळी ठाण्याच्या एका तालीम हॉलमध्ये ढोलवाल्यांबरोबर तासभर ऐकलं, मगच झाकण लावलं.

शनिवारी खोपटला गुणाजीकाकांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तेव्हाच का नाय बोललीस? दोन वर्षं पोरगा माझ्याबरोबर होता. मी त्याला चारचौघांत हसलो ना."

त्याचं उत्तर तुला देते. तेव्हा मला नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. सर्किट डिझाइन हेच माझं काम, आणि पेडल आमच्या संचिताने बनवलंय असं मावशी भेटेल त्याला सांगत होती. नाव तुझं आधीच खराब झालं होतं, माझं नव्हतं. मला माझं तसंच राहायला हवं होतं.

काकांनी तुला येत्या रविवारी दुपारी चार वाजता तालमीला बोलावलंय. पूर्ण पार्टी असेल. मीही येईन आणि हे सगळ्यांसमोर पुन्हा सांगेन. माझं पेडल लावायचं नसेल तर याच जातीचं दुकानातून घे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण माझ्या चुकीपायी गिटार विकू नकोस.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझी बहीण,
संचिता